वाहिकाजनन (भ्रूणावस्थेतील)

भ्रूणात एकही रक्तवाहिनी नसताना मध्यस्तरातील (भ्रूणाच्या तीन थरांपैकी मधल्या थरातील) सुट्या पेशी एकत्र येऊन रक्तवाहिन्या नव्याने घडवतात, त्या क्रियेला वाहिकाजनन म्हणतात. तयार वाहिनीला धुमारा फुटून नवी शाखा निघते ती क्रिया वेगळी. तिला या नोंदीत वाहिकांकुरण म्हटले आहे. कर्करोगाच्या संदर्भात वाचायला मिळते ती बहुधा ही दुसरी. भ्रूणात आधी पहिली आणि लगोलग दुसरी सुरू होते. दोन्हींमधली सीमा पाठ्यपुस्तकात जितकी ठळक असते तितकी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

या विषयाचा जवळजवळ सारा पाया कोंबडीच्या अंड्यावर उभा आहे. सुमारे ३८ अंश सेल्सिअसला उबवलेल्या अंड्यात पहिल्या दिवसाअखेर भ्रूणचकतीच्या मध्यावर आद्यरेषा उमटलेली असते. तिच्यातून आत उतरलेल्या पेशी दोन्ही बाजूंना पसरतात, तोच मध्यस्तर. २६ ते २९ तासांच्या सुमारास, कायखंडांच्या (पाठीच्या दोन्ही बाजूंना ओळीने पडणाऱ्या मध्यस्तराच्या ठोकळ्यांच्या) चार जोड्या दिसू लागतात तेव्हा, चकतीच्या मागल्या अर्ध्या भागात, भ्रूणाच्या अंगाबाहेर पिवळ्या बलकावर टेकलेल्या अपारदर्शी क्षेत्रात, पेशींचे पुंजके दिसतात. ही रक्तद्वीपे. पुंजक्याच्या कडेच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचे अस्तर बनतात, आतल्या पेशी गोल राहून लाल रक्तपेशी होतात. शेजारची द्वीपे जोडली जाऊन जाळे तयार होते. हृदय साधारण ३३ ते ३८ तासांना आकुंचन पावू लागते. रक्ताचा खरा प्रवाह त्यानंतर काही तासांनी सुरू होतो. म्हणजे नळ आधी बसवले जातात आणि पंप मागाहून चालू होतो.

वाहिन्या नव्याने घडतात हे मान्य व्हायलाच बराच काळ गेला. अठराव्या शतकात हालर यांच्या मते त्या आधीपासून असतातच, फक्त दिसत नाहीत. १७५९ मध्ये कास्पर फ्रीड्रिख व्होल्फ यांनी बलकावरील वाहिन्यांचाच दाखला देऊन याला विरोध केला. पांडर यांनी १८१७ मध्ये रक्तद्वीपांचे वर्णन केल्यावर पूर्वरचनेचा, म्हणजे सारे आधीच घडलेले असते असे मानणारा, पक्ष मागे पडला. परंतु त्यातून दुसरा वाद जन्माला आला आणि तो जास्त चिवट निघाला: भ्रूणाच्या शरीरातील वाहिन्या शरीरातच तयार होतात, की बलकावरून आत शिरतात?

व्हिल्हेल्म हिस यांनी १८६८ पासून बाहेरून आत येण्याचा पक्ष लावून धरला. १९०० मध्ये त्यांनी वाहिनीजनक पेशींना ‘अँजिओब्लास्ट’ हे नाव दिले. ही पेशी बलकाच्या बाजूला उपजते आणि तिचीच संतती वाढत, धुमारे टाकत भ्रूणात घुसते, असे त्यांचे म्हणणे. मत अडाणीपणाचे नव्हते. मृत, रंगवलेल्या छेदांत बाहेरचे जाळे आधी आणि आतले नंतर दिसते. त्यावरून घुसखोरीचे अनुमान काढणे सहज होते. उत्तर द्यायला छेद पुरेसे नव्हते, चाकू लागला. हान (१९०९), मिलर व मॅक्‌व्होर्टर (१९१४) आणि रीगन (१९१५) यांनी कोंबडीच्या भ्रूणाचा बाहेरच्या क्षेत्राशी असलेला संबंध वाहिन्या दिसण्यापूर्वीच तोडला. तरीही भ्रूणाच्या आत वाहिन्या झाल्या. हिस यांचा पक्ष यानंतरही काही पाठ्यपुस्तकांत तग धरून राहिला. प्रयोगाचा कौल मात्र स्थानिक उत्पत्तीच्या बाजूने आहे आणि या नोंदीतही तोच ग्राह्य धरला आहे.

फ्लोरेन्स सेबिन यांनी प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. १९१७ ते १९२० या काळात त्यांनी दुसऱ्या दिवसाची जिवंत भ्रूणचकती थेंबात टांगून तासन्‌तास न्याहाळली. सुट्या अँजिओब्लास्ट पेशी विभागतात, पुंजके करतात, पुंजक्याच्या मधला भाग द्रवरूप होऊन पोकळी पडते, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिले. पोकळी पेशीच्या आत पडते की पेशींच्या दरम्यान, हा वाद येथून पुढे सुरू झाला. आजच्या निरीक्षणांत दोन्ही प्रकार आढळतात, प्राणी आणि वाहिनीनुसार.

रक्तपेशी आणि अस्तराची पेशी यांची आई एकच का, हा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. दोन्ही एकाच पुंजक्यात उपजतात म्हणून मरे यांनी १९३२ मध्ये ‘हिमँजिओब्लास्ट’ ही संज्ञा वापरली. मुळात तिचा रोख पुंजक्याकडे होता; पुढे ती एकेका पेशीला चिकटली आणि घोटाळा वाढला. १९९८ मध्ये उंदराच्या मूलपेशींच्या संवर्धनात एकाच पेशीतून दोन्ही वंश मिळाले, तेव्हा एकमातृपक्षाचे पारडे जड झाले. २००४ मध्ये उंदराच्या भ्रूणात अशा पेशी आद्यरेषेच्या मागल्या टोकाशी सापडल्या. मात्र बलककोशात (बलकाच्या पिशवीत) पोहोचेपर्यंत त्यांची वाट बहुधा ठरून गेलेली असते. शिवाय एकेका द्वीपात अनेक पेशींची संतती मिसळलेली असते. समान आई असलीच तर ती रक्तद्वीपात राहत नाही, प्रवासाच्या आधीच्या मुक्कामावर राहते, असे मानणे सध्या सुरक्षित.

पेशींच्या स्थलांतराचा पुरावा आला तो लावा या पक्ष्याकडून. निकोल ल दुआराँ यांच्या लक्षात आले की जपानी लाव्याच्या पेशीकेंद्रकात एक गडद ठिपका असतो, कोंबडीच्या नसतो. लाव्याच्या ऊतीचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसवला की त्याच्या पेशी कुठेही गेल्या तरी ओळखू येतात. १९८७ पर्यंत लाव्याच्या अस्तरपेशी व रक्तपेशींनाच चिकटणारे ‘क्यूएच १’ हे प्रतिपिंडही हाती आले. नोडेन यांनी १९८९ मध्ये डोक्याच्या भागात केलेल्या रोपणांत अँजिओब्लास्ट एका दिशेने न जाता चोहोबाजूंना पांगताना आढळले. कायखंडांतून निघणारे अँजिओब्लास्ट पंख, पाय व धडाच्या भिंतीत जातात आणि केवळ अस्तर बनवतात. पोटाच्या बाजूच्या मध्यस्तरातून येणारे अस्तर आणि रक्त दोन्ही देऊ शकतात.

पेशी स्वतः चालत जाते, की तिच्याखालची ऊती सरकते आणि ती वाहून नेली जाते? नदीच्या पुरात नावाडी वल्हे मारतो आहे की नुसता बसला आहे, हे काठावरून कळत नाही, तसे हे. लाव्याच्या भ्रूणांच्या कालांतरित चित्रीकरणात पेशींभोवतीच्या आधारद्रव्यावर खुणा करून पेशींची चाल त्यातून वजा केली, तेव्हा एकूण हालचालीचा मोठा वाटा ऊतीच्या वाहण्याचा निघाला. जुन्या लेखनात जेथे जेथे ‘पेशी स्थलांतर करते’ असे आहे, तेथे हा विवेक ठेवावा लागतो. झीब्राफिश या माशात मात्र बाजूच्या मध्यस्तरातील अँजिओब्लास्ट मध्यरेषेकडे खरोखर चालत येतात आणि तेथे महारोहिणी व मुख्य नीला यांची मांडणी होते. पक्षी व सस्तनांत महारोहिण्या आधी दोन असतात. दरम्यानच्या पृष्ठरज्जूतून (भ्रूणाच्या पाठीतल्या आधारदांड्यातून) वाहिन्यांना मज्जाव करणारे संकेत येतात. ते ओसरले की दोन्ही जुळतात.

आकर्षक संकेतांत ‘व्हीईजीएफ’ हे प्रथिन प्रमुख होय. उंदरात त्याच्या दोन जनुकप्रतींपैकी एक गेली तरी भ्रूण मरतो (१९९६). इतकी काटेकोर मात्रा विरळा. त्याचे ग्राही (संकेत पकडणारे प्रथिन) ‘एफएलके १’ नसलेल्या भ्रूणात रक्तद्वीपे व वाहिन्या दिसत नाहीत (१९९५). दोन वर्षांनी असे आढळले की ग्राहीविना पेशी पूर्णपणे अनुत्पन्न राहत नाहीत; त्या बलककोशात न पोहोचता भलत्याच पडद्यावर साचतात. ग्राहीचे काम केवळ वाढीचे नसून वाटेचेही आहे, ते यावरून. झीब्राफिशमध्ये रक्त आणि अस्तर दोन्ही गायब करणारे ‘क्लोश’ हे उत्परिवर्तन १९९५ मध्ये वर्णिले गेले. त्यामागचे जनुक ओळखायला २०१६ उजाडले.

रोहिणी कोणती व नीला कोणती हे अंशतः पेशीतच लिहिलेले असते, अंशतः प्रवाह ठरवतो. कोंबडीच्या बलकावरील रोहिणीतला प्रवाह बांधून थांबवला तर तीच जागा नीलेसारखी होते.

मानवात बलककोशावरील रक्तद्वीपे तिसऱ्या आठवड्यात दिसतात.

बडोद्यात हा विषय महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या (स्थापना १९४९) प्राणिशास्त्राच्या वर्गातून मराठीभाषक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. प्रात्यक्षिकांत २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या काचपट्ट्या असतात. ३३ तासांच्या पट्टीत रक्तद्वीपे चकतीच्या कडेला गडद ठिपक्यांसारखी दिसतात, पण वहीतल्या आकृतीत विद्यार्थी फक्त भ्रूणाचे अंग काढतो, कडा पुसून टाकतो. म्हणजे जेथे वाहिन्या प्रथम दिसतात तोच भाग गळतो. ताजे अंडे उघडायचे तर दुकानातले चालत नाही, कारण पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या अंड्यांना कोंबडा ठाऊक नसतो. फलित अंडे मिळाले तरी बडोद्याचा वैशाख आडवा येतो. विकास ज्याखाली थांबतो ते तापमान साधारण २० ते २४ अंश सेल्सिअस सांगितले जाते. खोलीत पारा चाळिशीला टेकला की टेबलावरचे अंडे उबवणयंत्राची वाट न पाहता अर्धवट, वेडेवाकडे वाढू लागते आणि तासांचा हिशेब चुकतो. हॅम्बर्गर व हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये तास बाजूला ठेवून कायखंडांची संख्या व इतर बाह्य लक्षणे पाहून कोंबडीच्या भ्रूणाच्या ४६ अवस्था ठरवल्या, त्यामागचे कारण येथे डोळ्यांनी दिसते.

परिभाषेबाबत दोन शब्द. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत ‘पेशी’, मोठ्या ज्ञानकोशांत ‘कोशिका’, शेजारच्या गुजराती वर्गात ‘कोष’. बडोद्याचा मराठी विद्यार्थी तिन्ही ऐकतो आणि परीक्षेत इंग्रजी लिहितो. येथे ‘पेशी’ घेतला आहे. बडोदे संस्थानाने कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेच्या (१८९०) दिवसांपासून देशी भाषांतून शास्त्र शिकवण्याची हौस बाळगली, १९३१ मध्ये राज्यकारभाराचा बहुभाषी शब्दकोशही छापला; त्यात दप्तरखान्याचे शब्द सापडतात, रक्तद्वीपांचे नाहीत. ‘रक्तद्वीप’ हा शब्द पांडर यांच्या जर्मन संज्ञेचा सरळ अनुवाद असून ‘द्वीप’ या शब्दातला पाण्याने वेढलेपणाचा अर्थ येथे उलटा पडतो: आधी बेटे असतात, त्यांच्याभोवतीचा द्रव नंतर येतो.