फळ्यावर कुणाची नावं लिहायची?

बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो, कोपऱ्यात 'बोलणारी मुले' असं लिहितो आणि खाली एकेक नाव मांडायला लागतो. कोल्हापुरातली महापालिकेची शाळा असो की कागलकडची जिल्हा परिषदेची, हे चित्र ओळखीचं आहे. ज्याचं नाव सगळ्यात आधी पडतं, तो मागं वळून हसतो. बाई येतात, त्याला उभं करतात, चार शब्द सुनावतात. दुसऱ्या दिवशी पहिलं नाव पुन्हा त्याचंच.

बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने बक्षिसाची ओळख वेगळ्या रीतीने करून दिली. एखाद्या कृतीनंतर जे मिळतं त्यामुळे ती कृती वाढली, तर मिळालेली गोष्ट बक्षीसच ठरते, मग देणाऱ्याच्या मनात शिक्षा करायचं असलं तरी. सगळ्या वर्गाने वळून पाहणं, बाईंनी शिकवणं थांबवून आपल्याकडे येणं, हे दहा वर्षांच्या पोराला थोडं वाटत नाही.

१९६८ मध्ये चार्ल्स मॅडसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या एका वर्गात हेच तपासलं. मुलं सारखी जागेवरून उठायची. 'खाली बसा' असं शिक्षिकांनी जास्त वेळा म्हणून पाहिलं, तर उठणारी मुलं वाढली. मुलं क्षणभर बसायची खरी, त्यामुळे सूचना लागू पडली असं वाटायचं. पण तासाभराचा हिशेब उलटा निघायचा. मग शिक्षिकांनी बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केलं आणि उठणं कमी झालं. या विषयातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रयोग हाच, कारण त्यात फक्त शिक्षकाचं लक्ष एका मुलावरून दुसऱ्याकडे वळलं. खर्च काहीच नाही.

पुढच्याच वर्षी कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गाने फळ्याचा वेगळा उपयोग केला. वर्गाचे दोन गट पाडले. कुणी परवानगीशिवाय उठलं किंवा बोललं की त्या गटाच्या नावापुढे एक खूण. ज्या गटाच्या खुणा कमी, तो जिंकला. दोन्ही गटांच्या अगदी थोड्या असल्या, तर दोन्ही जिंकले. बक्षीस म्हणजे जेवायला रांगेत पुढे उभं राहणं, दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ. गोंधळ झपाट्याने कमी झाला, कारण मस्ती करणाऱ्याला आता टाळ्या मिळेनात, उलट शेजारचाच त्याला गप्प करू लागला. यात एक धोकाही दिसला. दोन मुलांनी खेळायलाच नकार दिला, आणि त्यांच्या खुणा गटाच्या माथी मारणं अन्यायाचं ठरलं असतं, म्हणून त्यांना वेगळं काढावं लागलं. आपल्याकडे पेठेपेठेत फुटबॉलच्या संघासाठी जीव टाकणारी पोरं आहेत, त्यांना गटाचा खेळ लगेच रुचेल. पण हरलेल्या गटाने मधल्या सुट्टीत एखाद्याला कोपऱ्यात घेतलं नाही ना, हे शिक्षकाने पाहायलाच हवं.

बक्षिसांचीही मर्यादा आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळेत तीच मुलं कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांची आवड टिकली. म्हणून जे मूल आपणहून वाचतंय, त्याला पानामागे स्टार देऊ नये. ज्या कामाला मूल हातच लावत नाही, तिथे सुरुवातीला स्टार जरूर द्यावा आणि सवय लागली की हळूहळू कमी करावा.

मग चुकीला काहीच परिणाम नको का? हवा. तो लहान असावा, लगेच व्हावा आणि मुलाला आधीपासून ठाऊक असावा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्याला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. रक्कम जाहीर होती आणि ती भरायची पालकाने, मुलाने नव्हे. वर्गात याच धर्तीवर, कागद फेकला तर मधल्या सुट्टीत पाच मिनिटं वर्ग आवरायचा, एवढं पुरतं. छडी, कोंबडा, सगळ्यांसमोर अपमान यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. मारामुळे वर्ग त्या क्षणी शांत होतो, पण मूल शिकतं ते एवढंच, की कुणाच्या नजरेसमोर काय करायचं नाही.

आणि खुणा मोजण्याआधी एक गोष्ट तपासावी. शेजाऱ्याच्या वहीत सारखं डोकावणाऱ्या मुलाला फळा दिसतो का? हाक मारून न वळणाऱ्याला ऐकू येतं का? ऊसतोडणीच्या हंगामात फडावरून आलेलं पोर सकाळी जेवून आलंय का? अशा मुलाला आधी पुढच्या बाकावर बसवावं आणि डोळे-कान तपासायला न्यावं.