कंड्युट व केबलप्रवेश सीलबंद करणे

वीजवाहिन्या इमारतीत जिथून शिरतात किंवा भिंत, स्लॅब ओलांडतात, तिथे कंड्युटचे, म्हणजे तारा ज्यातून ओढतात त्या नळीचे, तोंड व केबलभोवतीची फट बुजवण्याचे काम. वायरिंगमधले हे अगदी शेवटचे काम, त्यामुळे बरेचदा राहूनच जाते.

बुजवण्याचे पहिले कारण पाणी. पण ते बाहेरून वाहतच येते असे नाही. कंड्युटचे एक टोक उबदार व दुसरे थंड जागेत असले, की दमट हवा नळीतून थंड टोकाकडे सरकते आणि तिथे तिचे पाणी होते. कुठेही गळती नसताना पॅनेलच्या तळाशी थेंब साचतात, तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, ते अनेकदा यामुळेच. जमिनीखालच्या डक्टमधून ज्वलनशील वायूही आत येऊ शकतो. उंदीर-झुरळांना तर वाट आयतीच मिळते.

नळीबाहेरची फट सिमेंटने लिंपली तरी आतली पोकळी उघडीच राहते. तिच्या तोंडात न सुकणारी पुट्टी भरतात. पुढे नवी केबल ओढताना ती हाताने काढता येते. बाहेरच्या भिंतीतील नळीला बाहेरच्या बाजूस उतार हवा. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल दिला, तर तिच्यावरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते.

आगीचा प्रश्न वेगळा. अग्निरोधक भिंतीतील उघडे भोक धूर व ज्वाळांना वाट करून देते. तिथे खनिज लोकर आणि उष्णतेने फुगणारे सीलंट वापरतात. केबलचे आवरण जळून झालेली पोकळी ते सीलंट फुगून भरून काढते. साधा पॉलियुरेथेन फोम फट झकास बुजवतो, पण पेटतोही. अमेरिकेतील अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी केबलप्रवेशातून हवा गळते का, हे चक्क मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत असताना असाच फोम पेटला. आग सुमारे सात तास चालली आणि १,६०० हून अधिक केबलचे नुकसान झाले.

स्फोटक वायू असू शकतात अशा ठिकाणी कंड्युटमध्ये खास फिटिंग बसवून त्यात घट्ट होणारे संयुग ओततात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार त्याची जाडी साधारणपणे नळीच्या मापाइतकी, आणि किमान १६ मिमी असावी लागते. संयुग एकदा घट्ट झाले की त्यातून नवी तार ओढता येत नाही.