उथळ पाण्यातील नौकानयनात कॅमेऱ्याचा वापर

लहान शिडाची होडी कमी खोलीच्या पाण्यातून नेताना तळ, खडक, गाळाचे उंचवटे, बुडालेली झाडे व मच्छीमारांची जाळी यांचा वेध कॅमेऱ्याने घेऊन वाट ठरवण्याची पद्धत. कॅमेरा डोलकाठीवर, होडीच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर, बांबूला बांधून पाण्याखाली, ड्रोनवर किंवा उपग्रहावर असू शकतो आणि प्रत्येक ठिकाणाहून त्याला वेगळे काही दिसते. ही पद्धत समुद्रावर वाढली. खान्देशात ती वापरता येण्याजोगी पाणथळ क्षेत्रे म्हणजे तापीवरील हतनूर धरणाचा जलाशय, सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेजांमागचे पाणी, नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला उकाई धरणाचा फुगवटा आणि खान्देशाच्या वेशीवरचे गिरणा धरण. या भागात मासेमारी व ये-जा मुख्यतः वल्ह्याच्या किंवा यंत्राच्या होड्यांनी होते आणि शिडाची होडी हौशी लोकांपुरती आहे. तरीही २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने हतनूर धरणापासून खंभातच्या आखातापर्यंतची तापी ‘राष्ट्रीय जलमार्ग १००’ म्हणून घोषित केलेली असल्याने या पात्राच्या तळाची माहिती हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.

पद्धतीचे मूळ बहामा बेटांच्या व प्रशांत महासागरातील प्रवाळद्वीपांच्या परिसरात सापडते. तेथील स्वच्छ पाण्यात नावाडी रंगावरून खोली ओळखतो : गडद निळे पाणी खोल, हिरवट पाणी मध्यम, फिकट किंवा पांढुरके म्हणजे वाळूवरचे उथळ पाणी आणि तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ किंवा खडक. सूर्य उंच व पाठीमागे असावा, पाहणारा शक्य तितक्या उंचीवर असावा आणि डोळ्यांवर ध्रुवक, म्हणजे पाण्यावरची चकाकी अडवणाऱ्या, भिंगांचा चष्मा असावा, हे तेथील तीन जुने नियम होत. कॅमेऱ्याने या नियमांत बदल केलेला नाही. माणसाऐवजी भिंग डोलकाठीच्या शेंड्यावर चढवण्याची सोय त्याने केली आणि जे दिसले ते साठवून ठेवले, एवढाच फरक.

खोली मोजण्यासाठी ध्वनिमापक यंत्र असताना कॅमेरा कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. साधे ध्वनिमापक होडीच्या बुडाखालची खोली सांगते. पुढे काय आहे ते सांगत नाही. चार मीटर लांबीच्या होडीला डॅगरबोर्ड, म्हणजे मधल्या खाचेतून खाली सोडायची फळी, पूर्ण उतरवल्यावर सुमारे ८० सेंटिमीटर पाणी लागते आणि फळी वर ओढल्यावर वीतभर पाणीही पुरते. त्यामुळे खडकाची सूचना फळी उचलण्याइतकी आधी मिळाली तर उपयोगाची, खडकावर पोहोचल्यानंतर मिळाली तर निरुपयोगी. कॅमेरा पुढचे दाखवतो, पण खोलीचा आकडा देत नाही. ही दोन साधने एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि या दोहोंपेक्षा जुनी असलेली खुणा केलेली बांबूची काठी त्यांच्यामुळे मोडीत निघत नाही.

कॅमेऱ्याची उंची हा या विषयाचा गाभा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश जितका तिरपा पडतो तितके परावर्तन वाढते. होडीत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून सुमारे दीड मीटर उंच धरला, तर दहा मीटर पुढचे पाणी त्याला क्षितिजाखाली केवळ साडेआठ अंशांवर दिसते आणि अशा कोनात आकाशाचा जवळजवळ ४० टक्के प्रकाश पाण्यावरून परत त्याच्या डोळ्यात येतो. तळ दिसतच नाही, दिसते ते आकाश. डोळ्याऐवजी कॅमेरा सहा मीटर उंचीच्या डोलकाठीवर नेला की त्याच जागेकडे पाहण्याचा कोन सुमारे ३१ अंश होतो आणि परावर्तन सहा टक्क्यांच्याही खाली येते. त्यात ध्रुवक गाळणी लावल्यास उरलेली चकाकीही बरीचशी निघून जाते, कारण क्षितिजाखाली सुमारे ३७ अंशांवर पाहताना पाण्यावरून परतणारा प्रकाश पूर्णपणे ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. सहा मीटर उंचीवरून हा कोन होडीच्या पुढे आठ मीटरवर पडतो. ताशी तीन सागरी मैल वेगाने हे अंतर पाच सेकंदांत संपते. फळी उचलायला तेवढा वेळ पुरतो. होडी वळवायला तो पुरेलच असे नाही.

शेंड्यावरच्या कॅमेऱ्याची एक अडचण केवळ शिडाच्या होडीतच येते. वाऱ्याने होडी १५ अंश कलली तर सहा मीटरवरचा कॅमेरा दीड मीटर बाजूला सरकतो आणि त्याच्याबरोबर चित्रही तिरपे होते. कॅमेऱ्यातील कल मोजणाऱ्या जायरोस्कोपच्या आधारे चित्र सरळ करता येते. पण लहान होडीच्या डोलकाठीच्या शेंड्यावर वाढवलेले थोडेसे वजनही तिला उलटवण्याच्या बाजूने काम करते, म्हणून तेथे हलका कॅमेराच बसवावा आणि त्याचा वीजसाठा खाली होडीत ठेवावा.

पाण्यातून पाहिलेली खोली खरी नसते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशकिरण किती वळतो ते दाखवणारा आकडा, सुमारे १.३३ असल्याने सरळ वरून पाहताना एक मीटर खोलीचा तळ पाऊण मीटरवर दिसतो आणि तिरपे पाहताना त्याहूनही वर आलेला दिसतो. ही चूक सुरक्षित बाजूची आहे, कारण तळ आहे त्यापेक्षा उथळ वाटतो. खडकाच्या जागेबाबत मात्र उलट घडते. वर सांगितलेल्या ३१ अंशांच्या कोनात पाहिलेला, एक मीटर खोलीवरचा खडक दृष्टिरेषा सरळ वाढवून काढलेल्या जागेपेक्षा सुमारे ८० सेंटिमीटर अलीकडे असतो. जोडकॅमेऱ्यांनी खोली काढणाऱ्या संगणक प्रणालीत ही दुरुस्ती केली नाही तर तिचे उत्तर चुकते. सपाट काचेमागे ठेवून पाण्यात बुडवलेल्या कॅमेऱ्यालाही वस्तू सुमारे चतुर्थांशाने जवळ दिसतात.

खान्देशात खरी अडचण प्रकाशशास्त्राची नसून गाळाची आहे. तापीच्या खोऱ्यातील काळ्या मातीचे बारीक कण पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहतात. हतनूरच्या जलाशयात तापीबरोबर पूर्णेचा गाळ येतो. या दोन नद्यांचा संगम चांगदेव येथे, म्हणजे जलाशयाच्या वरच्या भागातच होतो. पावसाळ्यात हे पाणी इतके गढूळ असते की वीतभर खालचेही दिसत नाही, आणि त्या दिवसांत कॅमेरा तळ दाखवील ही अपेक्षा सोडून द्यावी. पाण्याची पारदर्शकता मोजण्याची सोपी रीत इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये दिली : पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. तलावांसाठी आज वापरतात ती २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी नंतरची आहे. तबकडी साठ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर त्याखालचा काळपट खडक कॅमेऱ्याला दिसणार नाही, कारण खडक पांढऱ्या तबकडीपेक्षा पाण्यात अधिक मिसळून जातो आणि तिरप्या नजरेला अधिक पाणी छेदावे लागते. होडी काढण्यापूर्वी ही तबकडी एकदा सोडून पाहणे हे कॅमेरा विकत घेण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साचलेले पाणी त्यातल्या त्यात निवळते. त्या दिवसांत जळगावच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य सुमारे ४५ ते ६० अंशांपर्यंत चढतो आणि कायम दक्षिणेकडे राहतो. तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असल्याने सकाळी पश्चिमेकडे व दुपारनंतर पूर्वेकडे जावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते. वारा नेहमी हे वेळापत्रक पाळत नाही. शिवाय शिडाला वारा हवा आणि कॅमेऱ्याला निवांत पाणी; लाटांच्या सुरकुत्या पडल्या की तळाचे चित्र तुटते, आणि पाणी अगदी स्थिर असते तेव्हा होडी जागची हलत नाही.

तळ दिसत नसतानाही पृष्ठभाग वाचता येतो आणि त्यासाठी कॅमेऱ्याचा उपयोग अधिक होतो. बुडालेल्या खडकावर लाटांचा पोत बदलतो. वाहत्या पाण्यात त्याच्या खालच्या अंगाला भोवरा दिसतो. पाणवनस्पती पृष्ठभागाला टेकल्या असतील तर तेथे डॅगरबोर्ड अडकणार हे नक्की. हतनूरचा जलाशय पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पाण्याच्या मधोमध उभा असलेला राखी बगळा हे खोलीचे खात्रीचे चिन्ह होय : त्याच्या पायाचा किती भाग पाण्याबाहेर आहे ते दूरचे जवळ दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले की तेथे फळी उतरवून जाता येणार नाही हे कळते. मच्छीमारांच्या जाळ्यांची थर्माकोलची किंवा रिकाम्या बाटल्यांची तरंगणारी खूणही लांबूनच हेरावी लागते, कारण जाळ्यावरून होडी गेल्यास फळी व सुकाणू दोन्ही गुंततात आणि नुकसान मच्छीमाराचे होते.

या प्रदेशात कॅमेऱ्याचा सर्वांत फलदायी उपयोग होडी चालू असताना होत नाही, तर पाणी उतरलेले असताना होतो. हिवाळ्यात ज्या पाण्यावरून होडी जाणार, त्याच्या काठालगतचा बराच भाग मे-जूनमध्ये कोरडा पडतो. तेव्हा पाय ठेवता येतील अशा जागी जाऊन उघडे खडक, जुन्या विहिरींचे कठडे, बांध, झाडांचे बुंधे यांची छायाचित्रे मोबाइलने घेतली तर प्रत्येक चित्राबरोबर उपग्रहस्थानही नोंदले जाते. उघड्या आकाशाखाली या स्थानात साधारण पाच मीटरची चूक धरावी लागते. म्हणून खडकाभोवती तेवढी जागा सोडूनच वाट आखावी. उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यात नवापूर तालुक्याकडील शेते व झाडी बुडाली; अशा पाण्यात खडकापेक्षा उभ्या वाळलेल्या खोडाचा धोका मोठा असतो आणि ते खोड उन्हाळ्यातच पुरते दिसते.

हेच काम मोठ्या प्रमाणावर उपग्रहाच्या चित्रांनी होते. जलाशयाची पातळी उतरत जाते तशी पाण्याची कड आत सरकते आणि विशिष्ट दिवसाची पातळी माहीत असेल तर त्या दिवसाची कड म्हणजे तळाची एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, ठरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या, जवळच्या अवरक्त प्रकाशात पाणी काळे व जमीन उजळ दिसत असल्याने ही कड ओळखणे कठीण नसते. धरणांतील गाळ मोजण्यासाठी हीच रीत वापरली जाते. युरोपीय सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी दहा मीटर तपशिलाचे चित्र देतात आणि ते कोणालाही विनामूल्य मिळते. गिरणा धरणाची पातळी वर्षभरात फार खालीवर होत असल्याने तेथे अशा रेषा पुष्कळ मिळतात. बॅरेजांमागे पाणी जवळजवळ एकाच पातळीवर अडवलेले असते तेव्हा त्या कमी मिळतात. गाळ दर पावसाळ्यात हलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा नकाशा खडकांपुरता विश्वासाचा आणि गाळाच्या उंचवट्यांपुरता संशयाचा मानावा. स्वच्छ समुद्रात निळ्या व हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावरून उपग्रहचित्रातून थेट खोली काढतात. गढूळ तापीला ती रीत लागू पडत नाही.

होडीत बसल्यावर पडदा पाहायचा कोणी, हा व्यवहारातला प्रश्न उरतो. एका हातात सुकाणूचा दांडा व दुसऱ्या हातात शिडाची दोरी असलेला एकटा माणूस मोबाइलच्या पडद्याकडे पाहू लागला तर वाऱ्याचा झोत त्याला चुकवता येत नाही. दोघे असतील तर पुढचा माणूस पडदा व बांबू सांभाळतो आणि ‘फळी वर’ एवढेच ओरडतो. भुसावळ-जळगाव परिसरातील ४५ अंशांवरच्या उन्हाळ्यात मोबाइल तापून आपोआप बंद पडतो, आणि उन्हात पडद्यावरचे काही दिसत नाही ते वेगळेच. भिंगावर उडालेले पाणी वाळले की क्षारांचे डाग उरतात. ओले असतानाच मऊ फडक्याने ते टिपावे. चित्रण साठवून, घरी आल्यावर ते स्थाननोंदीशी जुळवून पुढच्या फेरीचा नकाशा सुधारणे हा पडद्याकडे पाहत होडी हाकण्यापेक्षा अधिक उपयोगी मार्ग आहे.

संगणकाने अडथळे आपोआप ओळखण्याचे प्रयोग पुढे गेले आहेत. दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतील फरकावरून अंतर काढता येते, पण अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते, आणि लहान होडीवर दोन कॅमेऱ्यांमध्ये फारसे अंतर ठेवता येत नाही. निळ्या समुद्राच्या चित्रांवर शिकवलेली प्रणाली तापीच्या मातकट पाण्यात तशीच भरवशाची मानू नये. उष्णतेवर चालणारा कॅमेरा रात्री काठ, माणूस किंवा दुसरी होडी दाखवतो. पाण्याखालचे काहीही दाखवत नाही, कारण त्याला लागणारे अवरक्त किरण पाण्याच्या वरच्या पातळ थरातच शोषले जातात.

ड्रोनने वरून पाहणे सर्वांत सोपे आणि नियमांच्या दृष्टीने सर्वांत अवघड आहे. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकपरवाना लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल विभाग त्यालाही बंधनकारक आहेत. हतनूरजवळ वरणगाव व भुसावळ येथे आयुध निर्माणी असल्याने उड्डाणापूर्वी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावाच लागतो. धरणाची भिंत व दरवाजे चित्रणातून वगळावेत. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि ते उघडे असताना त्यांच्याकडे ओढणारा प्रवाह कोणत्याही कॅमेऱ्यात पुरेसा आधी दिसत नाही, म्हणून त्या काळात जलाशयात होडी घालू नये.