लासेन ते शास्ता : पाणी नेमकं कुठे मुरतं?

उत्तर कॅलिफोर्नियात लासेन (३,१८७ मीटर) आणि शास्ता (४,३२२ मीटर) हे दोन जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांच्यात सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर अंतर आहे. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट दोन्ही पर्वतांच्या जवळून जाते, पण जवळपास दुप्पट अंतर घेते. या ट्रेकची आखणी करताना बहुतेकजण आधी चढ-उतार मोजायला बसतात. माझं मत असं, की आधी खडक समजून घ्यावा. इथे पाणी कुठे मिळणार, हे लाव्हाच ठरवतो.

मुळात हे डोंगर उभे राहिले तेही पाण्यामुळेच. समुद्रतळाचा गोर्डा भूपट्ट उत्तर अमेरिकेच्या खाली सरकत जातो. खोलवर त्यातलं पाणी सुटतं आणि वरचा तप्त खडक एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळू लागतो. लासेनचा शेवटचा उद्रेक १९१४ ते १९१७ असा चालला. शास्ताच्या शेवटच्या उद्रेकाला सुमारे ३,२०० वर्षं झाली.

लासेनच्या राष्ट्रीय उद्यानात पाणी भरपूर आहे, पण सगळंच पिण्याजोगं नाही. वाटेजवळच्या बॉइलिंग स्प्रिंग्ज लेकचं पाणी ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आम्लधर्मी असतं. नेहमीच्या फिल्टरने जंतू आणि गाळ अडतो, विरघळलेली खनिजं अडत नाहीत. काठावर वाट सोडून पाऊल टाकू नये. वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळता चिखल.

खरी परीक्षा पुढे, ओल्ड स्टेशन या वस्तीनंतर. हॅट क्रीक रिमच्या माथ्यावरून जाणाऱ्या वाटेवर जवळजवळ ४८ किलोमीटर नैसर्गिक पाणी नाही. खाली दरीत हॅट क्रीक बारमाही वाहते. वर चालणाऱ्याला तिचा उपयोग नाही. भूकवचाला तडा जाऊन जमिनीचा एक भाग उचलला गेला, त्याचा हा कडा झाला. वरचा खडक बेसाल्टचा. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, त्यातला वायू निसटताना छिद्रं राहतात. वर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ ओढ्यात जमायच्या आतच मुरून जातो.

ओल्ड स्टेशनजवळच सबवे केव्ह आहे. सुमारे २४ हजार वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहाचा वरचा थर थिजला, आतला रस वाहत पुढे गेला आणि पोकळ बोगदा उरला. बॅटरी घेऊन त्यातून चारेकशे मीटर चालता येतं. एवढी पोकळी पाहिली, की या खडकावर पाणी का टिकत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता हिशेब. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम असा : तासाला ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. पाठीवर जड सॅक आणि पायाखाली ओबडधोबड दगड असताना मी तासाला ४ किलोमीटरच धरेन. म्हणजे १२ तासांची चाल. उन्हात तासाला पाऊण लिटर धरलं तर ९ लिटर, मुक्कामाचे आणखी दोन. हे ११ किलो वजन नुसत्या पाण्याचं! म्हणून दुपार टळल्यावर निघावं, अंधार पडेपर्यंत चालावं आणि पहाटे पुन्हा वाटेला लागावं. उन्हातले तास घटले की पाणीही कमी लागतं. कधी कुणी वाटेत पाण्याचे कॅन ठेवतात. त्यांच्या भरवशावर निघू नये.

असंच मुरलेलं पाणी पुढे बर्नी धबधब्यापाशी बाहेर पडतं. खाली कमी झिरपणारा थर लागला, की ते आडवं सरकतं आणि झऱ्यांवाटे फुटतं. धबधब्याच्या वरच्या अंगाला ओढ्याचं पात्र उन्हाळ्यात कोरडं पडतं, तरी ३९ मीटर उंचीच्या या कड्यावरून दिवसाला सुमारे ३८ कोटी लिटर पाणी कोसळत असतं. कड्याच्या मध्यावर नीट पाहा : वरून न येता थेट खडकाच्या भेगांमधूनच असंख्य धारा फुटलेल्या दिसतात.

परवाने आणि अस्वलांपासून अन्न जपायचे डबे यांचे नियम निघण्यापूर्वी उद्यानाकडून तपासून घ्यावेत. २०२१ च्या डिक्सी वणव्यात उद्यानाचा बराचसा भाग होरपळला आहे. तिथे सावली कमी, आणि जळकी झाडं वाऱ्याने पडतात. अशा जागी तंबू लावू नये.

तारीख ठरवणं सगळ्यात अवघड. लासेनच्या उंच भागात जुलैपर्यंत बर्फ असतो, आणि तो सरेस्तोवर हॅट क्रीक रिम तापलेली असते. शास्ताच्या माथ्याचं वेळापत्रक तर उलटंच आहे. एव्हलांच गल्च या रूढ वाटेने चढायला मे ते जुलैच्या सुरुवातीचा घट्ट बर्फ हवा. बर्फ गेला की सैल दगड सुटतात आणि २,२०० मीटरची ती चढाई नुसता घसारा होऊन बसते. एकाच फेरीत दोन्ही साधायचं म्हटलं तर जूनअखेर निघून लासेनचा बर्फ तुडवायची तयारी ठेवावी लागेल. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी शास्ता पायथ्यापासूनच पाहावा आणि माथ्यासाठी मे महिन्यात वेगळी सुट्टी काढावी.