लाईन: जवसाच्या दोऱ्यापासून लाईन बाजारापर्यंत

मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावर एक खोली चढवली. पहिल्याच दिवशी गवंडीमामांनी दोन कोपऱ्यांवर विटा बसवल्या, एक डोळा बारीक करून बघितलं आणि हाताखालच्या पोराला हाक दिली, "लाईनदोरी आण रं. आन बघ, ह्यो कोपरा एक सूत भाईर गेलाय." हिरवी नायलॉनची दोरी दोन खिळ्यांना ताणून बांधली गेली. दोरीला टेकेल न टेकेल अशा बेतानं मामांनी थर लावायला सुरुवात केली. मी चहाचा कप हातात धरून त्या एका वाक्यात अडकलो होतो. लाईनदोरी म्हणजे, शब्दाच्या मुळाशी गेलं तर, दोरीदोरी.

कारण लाईनचा पहिला अर्थ रेघ नव्हे, रांग तर नव्हेच. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. त्याच्या खोडाच्या वाखापासून वळलेला दोरा तो 'लिनिया'. दोरा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून पुढं रेघेलाही लिनियाच म्हणू लागले. इंग्रजीत हा शब्द आधी थेट लॅटिनमधून दोरीच्या अर्थानं आला आणि काही शतकांनी फ्रेंचच्या वाटेनं पुन्हा आला. दोन्ही एकमेकांत मिसळले. उन्हाळ्यात घालायचं लिननचं शर्ट, रंगाच्या दुकानातलं लिन्सीडचं तेल आणि शिंपी ब्लाउजला लावतो ते लायनिंग ही सगळी त्या जवसाचीच भावंडं. पूर्वी तिकडं कपड्याला आतून लिननचं अस्तर लावत, म्हणून अस्तराचं नाव लायनिंग. आपल्याकडं जवस पेरतात ते तेलासाठी आणि चटणीसाठी. भाकरीवर जवसाची चटणी घेताना आपण लाईनचं मूळ चावतोय हे कुणाच्या ध्यानात येणार?

मराठीत हाच प्रवास कापसाच्या धाग्यानं केलाय. सूत म्हणजे धागा. तो काव लावून लाकडावर ताणला आणि चिमटीत धरून सोडला, की सरळ रेघ उमटते. त्याला सूत मारणं म्हणतात. सूत धरणारा तो सूत्रधार, आणि त्याचाच झाला सुतार. पुढं सूत हे मापही झालं, इंचाचा आठवा भाग. उद्यमनगरात आजही अर्ध्या इंचाच्या सळईला चार सुती म्हणतात. तेव्हा लाईनला मराठीत प्रतिशब्द कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर रांग किंवा रेषा असं नसतं. खरा जुळा भाऊ सूत.

पण इंग्रजांबरोबर हा शब्द इथं आला तो दोऱ्याच्या रूपात नव्हे. पलटणीबरोबर आला असं मला वाटतं. शिपायांची घरं ओळीनं बांधत, त्यांना म्हणायचे लाईन्स. कसबा बावड्याजवळच्या लाईन बाजाराच्या नावातली लाईन हीच, पलटणीची, असं बावड्यात सांगतात. कोल्हापुरात मुंबई लष्कराची २७ वी देशी पलटण होती आणि ३१ जुलै १८५७ च्या रात्री ती उठली. उठाव मोडला गेला. महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं, ते परत आलेच नाहीत. पलटणी गेल्या, नाव राहिलं. आज लाईन बाजार म्हटलं की लोकांना हॉकी आठवते. पोलीस मुख्यालयही बावड्यालाच, त्यामुळं 'लायनीतली पोरं' म्हणजे पोलिसांची पोरं हा अर्थ अजून चालतो. लायनीत हे रूप बघा: शब्द इतका घरचा झाला, की त्याला आपलं सामान्यरूपही मिळालं.

पलटणीच्या मागोमाग रूळ आले. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली, शाहू महाराजांना राज्याधिकार मिळण्याच्या तीन वर्षं आधी. तेव्हापासून ही लाईन कोल्हापुरात येऊन थांबते. पुढं कोकणात उतरायचं तर अजून घाट आणि एसटी. वैभववाडीच्या लाईनची चर्चा ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. मग विजेची लाईन आली, टेलिफोनची आली. पाण्याचीही आली, पण ती फार उशिरा. काळम्मावाडी धरणातून साधारण ५३ किलोमीटरवरून पाणी आणणाऱ्या योजनेला शहरात कुणी योजना म्हणत नाही, 'थेट पाईपलाईन' म्हणतात, आणि 'थेट' म्हणताना थोडं हसतात. आंदोलनं, आश्वासनं आणि निवडणुका पचवून ते पाणी शहराला लागलं २०२३ च्या दिवाळीत.

माणसांची लाईन ही आणखी वेगळी गोष्ट. खुद्द इंग्लंडात रांगेला लाईन म्हणत नाहीत, क्यू म्हणतात. क्यू म्हणजे मुळात शेपूट, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं. रांगेला लाईन म्हणतात ते अमेरिकन. आपणही लाईनच म्हणतो, पण ती अमेरिकेहून आली नसावी. परेडच्या मैदानावरून शाळेत आणि शाळेतून रेशनच्या दुकानात आली असावी. अंबाबाईच्या देवळाबाहेर पाटीवर 'दर्शन रांग' असतं. रांगेतली बाई मात्र पुढच्याला विचारते, "लाईन कुठवर गेलीया वो?" नवरात्रात उत्तर येतं, "भवानी मंडपाच्या भाईर." ऑनलाईन पास काढला तरी शेवटी लाईन चुकत नाही, हा विनोद आता जुना झाला.

एकट्या लाईनला इथं किती शब्द झेलतात ते बघण्यासारखं आहे. माणसं एकामागं एक उभी राहिली की रांग. ती न ठरवता येतच राहिली की रीघ. जेवायला बसली की पंगत. हा शब्द पंक्तीपासून आलेला, आणि कवितेची ओळ तीही पंक्तीच. मुंग्यांची रांग, पण बगळ्यांची माळ. वहीत ओळ, पाटीवर रेघ, भूमितीत रेषा. यातला एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. 'बगळ्यांची रेषा' म्हटलं की मास्तर खडू फेकून मारायचे. शेतात गेलं तर आणखी वेगळं: नांगराचं ते तास, उसाची ती सरी. इंग्रजीतला कवितेसाठीचा 'व्हर्स' हा शब्दही लॅटिनमधल्या नांगराच्या वळणावरून आलाय, शेताच्या टोकाला जाऊन बैल वळतात तसं ओळ संपली की वळायचं. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

धंद्यालाही लाईन म्हणतात. "कुठल्या लाईनला हाईस?" याचं उत्तर फाउंड्री, हॉटेल, गाडी किंवा चांदी असं येतं. पोरगं लायनीला लागलं म्हणजे मार्गी लागलं. पण तेच पोरगं कॉलेजच्या गेटवर लाईन मारताना सापडलं तर घरी वेगळाच प्रसंग. इथंही सूत मागं नाही: दोघांचं जुळलं की सूत जुळलं. फरक एवढाच की लाईन एकतर्फी मारता येते, सूत जुळायला दोघं लागतात. या जागी मला मराठी शब्द जास्त सभ्य वाटतो.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असा सामना असेल तर गॅलरीतून सगळ्यात जास्त शिव्या खातो तो लाईनमन. फुटबॉलच्या नियमांनी १९९६ मध्ये त्याला सहायक पंच केलं, गॅलरीनं अजून केलेलं नाही. खांबावर चढणाराही लाईनमनच, पण त्याच्यावर ओरडायची वेळ पावसाळ्यातली.

एका लाईनबद्दल मात्र आपण फार सहज बोलतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात अँडरसनव्हिल इथं युद्धकैद्यांचा तळ होता. त्याच्या कुंपणाच्या आत आखलेली एक हद्द होती; ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. १८६४ सालची ही गोष्ट. त्या हद्दीचं नाव डेडलाईन. पुढं हा शब्द वर्तमानपत्रांच्या कचेरीत आला आणि तिथून सगळीकडं.

आमच्या खोलीची डेडलाईन पाडवा होती, ती हुकली. त्यात आमच्या आईचाही हात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा यायच्या आत तिनं ताणलेली दोरी बघितली आणि दोन ओली लुगडी तिच्यावर वाळत घातली. "रिकामी दोरी दिसली," एवढंच तिचं म्हणणं. मामांनी लुगडी उचलली, ओळंबा सोडला, वाकलेला खिळा बघितला आणि म्हणाले, "आक्का, दोन सूत गेलं बघा." मग दोरी पुन्हा ताणून बांधली आणि आदल्या संध्याकाळच्या थरातल्या चार विटा काढल्या.