हाताने बनवलेलं लाकडी फर्निचर हवंय? डिझाईन शोधायला इथे इथे जाऊन या

आमच्या वर्कशॉपला येणारे बरेच जण मोबाईलमध्ये पिंटरेस्टचे ढीगभर फोटो घेऊन येतात, जरूर आणा, आम्ही पण बघतो. पण फोटोत वस्तू दिसते, तिचं माप कळत नाही, दार उघडल्यावर हात कुठे अडतो ते तर अजिबात कळत नाही. म्हणून ऑर्डर फायनल करायच्या आधी आमची विनंती असते की जुनं चांगलं लाकूडकाम एकदा समोर उभं राहून बघा.

पुण्यात असाल तर विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, १८०७ सालचा, नुसतं बाजीराव रोडवर उभं राहिलात तरी पुढची कोरीव लाकडी गॅलरी दिसते. सुरूच्या आकाराचे खांब नीट बघा, खाली फुगीर आणि वर जाताना निमुळते. हा खांब नक्षीसकट डायनिंग टेबलाला पाय म्हणून लावला तर फार बोजड होतं, टेबलाची उंचीच मुळात ३० इंच, पण नक्षी सोडून फक्त तो फुगवटा घेतला आणि कातकाम करून, म्हणजे लाकूड लेथवर फिरवून गोल घडवून, पाय काढला तर सुंदर दिसतो, खरंच सुंदर. जवळच केळकर म्युझियम आहे, तिथले दरवाजे आणि पेट्या बघा, कड्या-कोयंडे पण बघा, हँडल निवडताना उपयोग होतो.

आमची सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे फडताळ. वाड्याच्या भिंती जाड असायच्या म्हणून कपाट भिंतीतच बसायचं, जागा अडायची नाही. फ्लॅटची भिंत जेमतेम ४ ते ६ इंच, तिच्यात काय बसणार, पण बहुतेक फ्लॅटमध्ये आरसीसी कॉलम भिंतीच्या पुढे आलेला असतो आणि त्याच्या बाजूला एक खाच उरते जिथे लोक झाडू ठेवतात! तिथे ९ इंच खोलीचं फडताळ मस्त बसतं, लोणच्याच्या बरण्या, पुस्तकं, औषधं सगळं हाताशी, एकामागे एक काही लपत नाही.

डिझाईन आवडलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवा, लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, लांबीला जवळपास काही होत नाही. म्हणून रुंद दार आम्ही अख्ख्या फळीचं करत नाही, चौकटीला खाच मारून त्यात पॅनेल, म्हणजे मधली फळी, सैल बसवतो, त्याला डिंक लावत नाही. पॅनेल हाताला किंचित हललं तर ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, घाबरू नका.

वाडा पाडल्यावर निघालेल्या सागवानी तुळया मिळाल्या तर आम्हाला जरूर सांगा, ते लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, खिळे काढायला वेळ जातो तेवढाच.

भेटायला येताना भिंतीची मापं आणा, घरात आजीची पेटी किंवा चौरंग असेल तर त्याचा फोटो आणा, आणि लिफ्टच्या दाराची रुंदी-उंची मोजायला विसरू नका, ७ फुटी कपाट अखंड करायचं की दोन भागांत ते त्यावरच ठरतं.