सॉफ्टनर बाहेर लावला की उन्हानं ‘वितळतो’?

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्याकडे वर्षानुवर्षं ऐकतेय: बोअरिंगचं जड, क्षारांचं पाणी मऊ करणारा सॉफ्टनर घराबाहेर लावू नका, मे महिन्यात आतलं रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे मणी, वितळतं. हे खरं नाही. मोहरीहून बारीक असे ते पिवळसर मणी साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतात. आपला कडक उन्हाळा ४०-४४ अंशांचा.

खराब होतं ते बाहेरचं. अतिनील किरणांनी फायबरच्या टाकीवरचा थर झिजतो, हात फिरवला की बोटांना काचेचे तंतू टोचतात. व्हॉल्व्हचं प्लास्टिकही कडक होऊन तडकतं. म्हणून उत्तरेच्या भिंतीलगत, वर पत्रा घालून, वीतभर उंच ओट्यावर खुशाल लावा. रेझिन धुवायला लागणाऱ्या मिठाच्या टाकीचं झाकण मात्र घट्ट हवं. पावसाळ्यात ओलीनं मिठाचा गट्टा धरतो आणि मशीन चालू असूनही नळाला जडच पाणी येतं.

आणि एक कळकळीची विनंती: रिजनरेशनचं, म्हणजे मिठानं रेझिन धुतल्यावरचं, खारट पाणी बागेत सोडू नका. सोडियमनं माळव्याची काळी माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही. तो पाइप थेट ड्रेनेजलाच जोडून घ्या.